गोदूआत्या माझी होती

मालती, कालच्या सभेत मी काय बोलले ते तुला सांगायलाच हवं. तुझ्याविषयी चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलं होतं आणि मी बोलले भलतंच. तुझ्या यजमानांनी मान खाली घातली, सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पण ते मागाहून सांगते. आधी, जे तुला तीन वर्षं सांगितलं नाही ते सांगू दे. आता मध्येच तोडून "सुशे, मुद्द्यावर ये" असं म्हणायला तू नाहीस. एकदा म्हणालीस तर फार बरं वाटेल.

आपण पिंपरीच्या या कॉलनीत आलो तेव्हा भिंतींचा चुनाही वाळला नव्हता. सगळे कुठून कुठून आलेले. कोणी साताऱ्याचं, कोणी कोकणातलं, तर कोणी इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या शेती करून आता भोंग्यावर कामाला जाणारं. तू माझ्या दोन दारं पलीकडे राहायला आलीस ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. मला वाटलं, भांडी असतील. निघाली इंग्रजी पुस्तकं, तीही मुलांची. तुझे वडील घाटातल्या एका स्टेशनावर मास्तर होते, आणि देश सोडून जाताना कुणा रेल्वेसाहेबाच्या मडमेने तिच्या मुलांची पुस्तकं तुझ्या हवाली केली होती. त्या ओसाड स्टेशनात भाऊ नाही, बहीण नाही. तू त्या पुस्तकांतल्या मुलांबरोबरच वाढलीस. मला हे ऐकून तुझी कीव आली होती. तू म्हणालीस, "कीव कसली करतेस? माझ्यासारखं मोकळं बालपण कोणाचं गेलं नसेल."

आपली पद्धत आठवते? शुक्रवारी दुपारी तू पुस्तक मांडीवर घ्यायचीस, डोळ्यांनी इंग्रजी वाचायचीस आणि तोंडाने मराठी सांगायचीस, आणि मी शाळेच्या वहीत ते उतरवून घ्यायचे. हाताने तू शेंगा सोलत असायचीस. पुस्तकाच्या पानापानांत टरफलं. शनिवारी कारखान्याच्या वेल्फेअर हॉलमध्ये मोठ्या मुलांना तू ती गोष्ट मनानेच सांगायचीस, आणि बाहेर व्हरांड्यात लहानांना मी वहीतून वाचून दाखवायचे. सगळी कॉलनी तिला "मालतीबाईंची गोष्ट" म्हणायची. लिहिणारी मी, वाचणारी मी, पण नाव तुझं. त्याचं मला थोडं लागायचं. हेही आज सांगूनच टाकते.

टेकडीच्या पोटातल्या गावाची ती गोष्ट. तीन भावंडं, दुपारी घरातली मोठी माणसं झोपली की टेकडीतलं दार उघडतं, आत एक गाव, आणि त्या गावच्या सगळ्या घंटा कोणीतरी चोरून नेलेल्या. मुलं त्या शोधायला निघतात. तिघंच. पहिल्याच शुक्रवारी मी लेखणी खाली ठेवून विचारलं, "यांचे आईबाप कुठायत?"

"झोपलेत."

"तीन-तीन दिवस?"

तू हसलीस. म्हणालीस, असल्या सगळ्या गोष्टींत लेखक पहिलं काम हेच करतो. आईला आजारी पाडतो, बापाला लढाईवर धाडतो, पोरांना कुठल्यातरी बहिऱ्या मामाकडे सुट्टीला पाठवतो. मोठी माणसं घरात असली तर गोष्ट उंबऱ्याबाहेर पडेल का? कोणीतरी म्हणणारच, आधी दूध पिऊन जा.

"दूध पिऊन गेलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं.

"काही नाही. फक्त गोष्ट बिघडते."

तुझ्या बोलण्यात हा एक ताठा होता. पण मीही काही कमी नव्हते. तुझा लेखक शेवटच्या पानावर पोरांना मुकाट्याने घरी आणून ताटावर बसवतोच की, हे मी तुला दाखवून दिलं होतं. म्हणजे दोरी होतीच, नुसती लांब सोडली होती. त्यावर तू मांडीवरची टरफलं झटकलीस. मग म्हणालीस, "ते मलाही आवडत नाही. लेखक शेवटी मोठाच माणूस ना, त्याला धीर धरवत नाही." वादात तू माघार घेतलीस असे प्रसंग मी मोजून ठेवलेत, त्यातला हा एक.

मग गोदूआत्या आली. ती कशी आली ते तुला मी अर्धवटच सांगितलं होतं. एका शनिवारी कोकणातल्या सावंतबाई व्हरांड्यात येऊन म्हणाल्या, "बाय, त्या पोरांची आवस खंय गेली? एकटी पोरां अशी सोडून?" बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. मी तेव्हा शाळेत हंगामी होते. माझ्या नोकरीचा कागद ज्या कमिटीपुढे जाणार, तिच्यात यातल्याच बायांचे नवरे. पण सगळं खापर सावंतबाईंवर फोडत नाही. मलाच ती तीन पोरं एकटी बघवत नव्हती. मी सहा धाकट्या भावंडांना वाढवलेली बाई. पोर दिसलं की माझा हात त्याच्या दंडाकडे जातो. त्या संध्याकाळी मी वहीत एक माणूस घातलं. मुलांची आत्या, गोदूआत्या. हिरवं लुगडं, हातात पिवळी पिशवी, पिशवीत दशम्या. मुलं निघायची वेळ झाली की ती दाराशी बरोबर हजर. ती आल्याशिवाय मुलं पाऊल उचलत नाहीत.

लहानांना ती फार आवडली. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

तुला कळलं ते तिसऱ्या शनिवारी. पाण्याच्या टाकीपाशी पोरं गोष्ट-गोष्ट खेळत होती आणि एक पोरगी पदर सावरत सगळ्यांना रांगेत उभं करत होती. "ही कोण?" तू विचारलंस. "गोदूआत्या!" तू तशीच माझ्या दारात आलीस. चपलाही काढल्या नाहीस.

"पुलावरचा प्रसंग काय लिहिलायस, वाच."

मी वाचलं. मुलं काळ्या पुलापाशी पोचतात. रखवालदार विचारतो, "तुमच्याबरोबर कोण आहे?" गोदूआत्या म्हणते, "मी आहे ना."

"मूळ काय होतं?"

मूळ मला पाठ होतं. धाकटी म्हणते, "कोणी नाही. आम्हीच."

"हे एक वाक्य सांगायला मी गोष्ट निवडली होती, सुशे," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला भांडता आलं असतं.

तरी मी भांडलेच. तुझ्या पुस्तकांत तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा असतो, मुलांना जादू देतो, वाट सांगतो, तो चालतो आणि माझी आत्या चालत नाही? तू म्हणालीस, "म्हातारा निघून जातो. ऐन वेळी तो नसतो. तुझी बाई जातच नाही." मी म्हटलं, तुला मूल नाही म्हणून बोलणं सोपं आहे. मालती, हे मी म्हटलं. ते ऐकून तू उठलीस आणि "पुढच्या शुक्रवारी येते" म्हणून गेलीस. आणि आलीसही. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

पण आत्याला मी वहीतून काढलं नाही.

आता तो दिवस. गोष्ट अजून पुलापाशीच होती. शकू तेव्हा सात वर्षांची होती. तिचा बाप गणपत बॉयलरवर कामाला, आई बाळंतपणाला निघोज्याला माहेरी गेलेली. सकाळची शाळा सुटली आणि शकू घरी पोचलीच नाही. शेजारणीला वाटलं पोरगी माझ्याकडे आहे, मला वाटलं ती शेजारणीकडे. तीन वाजता गणपत पाळी संपवून आला तेव्हा उमगलं की पोर कोणाकडेच नाही.

त्या दुपारची चव अजून तोंडात आहे. कोणी रेल्वेलाइनीवर धावलं, कोणी पवनेच्या काठाला. कँटीनमागच्या विहिरीत माणसांनी बादल्या काढायचा गळ सोडला. तू आणि मी काठावर उभ्या होतो. गळ खाली कशाला तरी अडकला आणि दोर ओढणाऱ्या माणसाने आमच्याकडे पाहिलं. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी फुटली. वर आली ती एक गंजकी कळशी. त्याच दोराने त्यांनी पुन्हा गळ सोडला.

पाच वाजता गणपत तुझ्या दारात आला. मागे वीसेक माणसं. "तुमच्या गोष्टीनं माझी पोर नेली," तो म्हणाला. "पोरं एकटीच डोंगरात जात्यात, नदी वलांडत्यात, हेच शिकिवलं ना तुमी? आता कुठं शोधू मी तिला?" तू पायरीवर उभी होतीस, मी तुझ्या शेजारी. एक पाऊल पुढे टाकून मला बोलता आलं असतं की, गणपतराव, शकू व्हरांड्यात बसते, माझ्याकडे, तिच्या गोष्टीत पोरं एकटी जात नाहीत. तेवढंही मी बोलले नाही. तू म्हणालीस, "आधी पोर सापडू दे. मग मला काय बोलायचं ते बोला."

दिवेलागणीला अब्बासभाई आले. कासारवाडीला हमरस्त्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सायकलच्या दांडीवर शकू, हातात गुडदाणीचा तुकडा. "दुकानासमोर दुपारपासून उभी होती," ते म्हणाले. "ट्रका जात्यात धडाधड, म्हणून मी आत बोलावलं, तर येईना. कुनाची तरी वाट बघते म्हणली. आत्ता कुठं गुडदाणी दिल्यावर कॉलनीचं नाव सांगितलं." कुणाची, ते कोणीच विचारलं नाही. गणपतने पोरीला उचललं आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस का? मला आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शकूला जवळ घेतलं. "एकटी कुठं गं गेली होतीस?"

"एकटी न्हाई गेले," ती म्हणाली. तिला राग आला होता. "आईकडं जायचं होतं. कॉलनीच्या फाटकापाशी थांबले. मग गोदूआत्या आली. हिरवं लुगडं, पिवळी पिशवी. मी तिच्या मागनं गेले. ती लई भराभरा चालत होती. मग कासारवाडीला एका बोळात शिरली आणि दिसलीच न्हाई. म्हणून मी थांबले. आत्या परत येती ना, बाई?"

कोण कुठली बाजारहाट करून घरी निघालेली बाई. मागून पोर येतंय हे तिला ठाऊकही नसेल. शकूच्या आज्याने मागाहून सांगितलं ते तर आणखी वाईट. "चार येळा बैलगाडीतनं आलीय ती चिखलीवरनं," तो म्हणाला. "निघोज्याची वाट तिला डोळं झाकून गावंल." निघोजे एका दिशेला आणि कासारवाडी बरोबर उलट दिशेला. वाट माहीत असलेली पोर, मी वहीत घातलेल्या बाईच्या मागे, ट्रकांच्या रस्त्याने उलटी गेली होती.

हे ऐकल्यावर तुझ्या सहवासात राहिलेली कोणीही बाई धावत तुझ्याकडे आली असती. मी शकूचे खांदे धरले आणि म्हटलं, "हे कोणाला सांगायचं नाही. बाबांना नाही, मालतीबाईंना नाही. शहाणी ना तू?" ती शहाणी होती. तिने मान डोलावली.

कमिटी बसली. शनिवार बंद. ट्रंक वेल्फेअरच्या कपाटात आणि किल्ली सेक्रेटरीसाहेबांच्या खिशात. तू एवढंच म्हणालीस, "पुलाच्या पुढची गोष्ट राहिली." जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. पेढे तू आणलेस. पहिला पेढा मला भरवलास आणि मी तो खाल्ला.

एक मात्र तुझ्याशी वाद घालायचा राहिला आहे. समज, आत्या नसती. तुझ्या गोष्टीतल्यासारखी शकू "कोणी नाही, मीच" म्हणत चिखलीच्या वाटेला लागली असती. निघोज्याआधी इंद्रायणी आहे. बैलगाडीतून नदीचा उतार सोपा वाटतो, सात वर्षांच्या पोरीच्या छातीला पाणी लागतं. मग काय? याला तुझ्याकडे उत्तर होतं का? मी कधी विचारलं नाही, कारण विचारायला आधी बाकीचं सांगावं लागलं असतं. तीन वर्षं आपण दर शुक्रवारी बसलो, जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडलो, आणि जिच्यावर भांडायला हवं होतं तिच्याभोवती मी तुला फिरवत राहिले.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू म्हणालीस, "पूल कसा ओलांडला ते सांगू?" मी तुझी चादर नीट केली. म्हटलं, "आधी बरी हो, मग सांग. बोलू नकोस आता." तुलाही मी दूध पिऊन जा म्हटलं, मालती. तू डोळे मिटलेस. मुलांनी पूल कसा ओलांडला ते आता मला माहीत नाही.

परवा शुक्रवारी दुपारी दार वाजलं. तुझ्याच वेळेला. दारात शकू होती. दहा वर्षांची झालीय, माझ्या खांद्याला लागते.

"बाई, उद्या सभेत मला बोलायचंय."

"काय बोलणार?"

"तेच. तुम्ही सांगू नको म्हणालात ते." ती पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होती. "आता मालतीबाई नाहीत. आता सांगितलं तर चालंल का?"

तीन वर्षं, मालती. तिने आईला सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही, तू रस्त्यात भेटलीस की मान खाली घालून पुढे जायची. तू एकदा मला म्हणालीही होतीस की शकू माझ्याशी बोलत नाही, तिला माझी भीती बसली बहुतेक. मी म्हटलं होतं, होईल हळूहळू. आणि आता ती माझी परवानगी मागायला आली होती. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तरी तोंडातून काय निघालं? "मी बघते." ती गेली आणि मी तासभर वही उघडून बसले. तिच्यासाठी मी बोलले तर मी पुन्हा गोदूआत्याच झाले. मी गप्प बसून तिला बोलू दिलं, तर दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीमागे लपलेली बाई झाले. दोन्हींत तू मला सोडली नसतीस.

काल हॉल भरला होता. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, मालतीबाईंच्या हातून एक अप्रिय प्रसंग घडला खरा, पण हेतू चांगला होता. मग माझं नाव पुकारलं. मी वर गेले. लिहून नेलेला कागद पिशवीतच राहिला. मी म्हटलं, "तो प्रसंग मालतीच्या हातून घडला नाही. शकू एकटी गेली नव्हती. ती एका बाईच्या मागे गेली, आणि ती बाई मी गोष्टीत घातली होती. गोदूआत्या माझी होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी पोरीला गप्प केलं आणि स्वतः गप्प राहिले. माझी नोकरी कायम व्हायची होती."

गणपत मागच्या रांगेत उभा राहिला. "म्हंजी तीन वर्सं आमी त्या माउलीला..." मग थेट मला म्हणाला, "बाई, मी त्यांच्या दारात जाऊन काय काय बोललो. तुमी शेजारीच हुता की वो."

"होय," मी म्हटलं. "शेजारीच होते." आणि खाली येऊन बसले. माझ्या बाजूच्या दोघी जरा सरकून बसल्या.

सेक्रेटरीसाहेब सभा आवरती घेत होते. तेवढ्यात शकू उठली आणि रांगेतून वाट काढत व्यासपीठाकडे निघाली. ते माइकवरूनच म्हणाले, "बाळ, तू लहान आहेस. तुझ्याबरोबर कोण येतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मालती, तुझी शपथ, मी एक अक्षर शिकवलं नव्हतं. ते मूळ वाक्य तर तिने व्हरांड्यात कधी ऐकलंच नव्हतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच."

व्यासपीठाच्या तीन पायऱ्या तुला माहीत आहेत, तिसरी जरा उंच आहे. तिथे तिचा पाय परकराच्या काठात अडकला. मी निम्मी उठले होते, हात पुढे गेला होता.

मग मी परत बसले.

ती चढली.